मदत हवी आहे: निवृत्तीचं वय वाढवलं की तोटा नेमका कोणाचा?

एका भाषणाची तयारी करतेय, एका जागी गाडी अडलीये. आजच्या निवृत्तांची पेन्शन आजचे कमावते भरतात, इथवर कळलं. पेन्शन पगाराच्या ४० टक्के धरली, तर एका निवृत्तामागे चार कमावते असताना प्रत्येकावर १० टक्के भार; दोनच उरले की २०. म्हणून डेन्मार्कने निवृत्तीचं वय आयुर्मानाला बांधलं. स्वीडनमध्ये पिढीचं आयुर्मान वाढलं की मासिक रक्कम कमी बसते.

पण आयुर्मान सरासरी धरतात ना? अंगमेहनत करणारे बहुधा लवकर जातात. म्हणजे त्यांच्या वर्गणीवर खुर्चीत बसणारे (माझ्यासारखे!) जास्त वर्षं पेन्शन घेणार. व्यवसायानुसार वेगळं वय ठेवणं कुठे नीट जमलंय का, की त्यातून नुसती सवलत मागणाऱ्यांची रांग लागते? कुणी हिशेबासकट समजावेल का?