मदत हवी आहे: जुन्या 'रेडिओ टाइम्स'च्या अंकांना कुबट वास येतोय, पिना गंजल्यात

पानोपानी
मंडळी, घाई आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. 'रेडिओ टाइम्स'च्या जुन्या अंकांचा मोठा गठ्ठा हाती लागलाय. कुबट वास मारतो, काही पानं एकमेकांना चिकटलीत, पिना गंजून त्यांचे तपकिरी डाग कागदावर उतरलेत. रविवारी घरी पाहुणे येतायत, त्याआधी यांची नीट सोय लागायला हवी. नेटवर शोधलं तर प्रत्येकाचा सल्ला दुसऱ्याच्या उलट. वास कसा घालवू? पिना काढू की राहू देऊ? कोणी स्वतःच्या हाताने हे काम केलं असेल तर कृपया लवकर सांगा. 'फेकून दे' हे उत्तर नको, ते घरातून मिळून झालंय.

कोथरूडचे काका
हे रेडिओ दुरुस्तीचं मासिक का? कशाचंही असो, उपाय एकच. गच्चीवर चादर अंथरा, अंक उघडे पसरा, चांगलं कडक ऊन दाखवा. मग ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून बंद करा. आमच्या वडिलांनी दिवाळी अंक असेच ठेवले. एकालाही कसर लागलेली नाही.

रोखठोक
विकायचे असतील तर एकगठ्ठा देऊ नका, फसाल. 'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका मुखपृष्ठावर असलेले अंक आधी बाजूला काढा, त्यांना गिऱ्हाईक आहे. नाताळचे जोडअंक लोकांना मौल्यवान वाटतात, पण ते तेव्हा प्रत्येक घरात होते आणि अनेकांनी आठवण म्हणून जपलेही. १९८८ चा नाताळ अंक १ कोटी १० लाखांच्या वर खपला होता. अशा अंकाला भाव कुठून येणार? दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे अंक असतील तर मात्र थांबा, जाणकाराला दाखवा.

दप्तरी
ताई, उत्तर देण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. अंक कोणत्या सालचे? हाताला ओलसर लागतात की कोरडे? बुरशी दिसते का, आणि दिसत असेल तर भुकटीसारखी की ओली चिकट? चिकटलेली पानं साध्या कागदाची की गुळगुळीत? आणि तुम्ही राहता कुठे? कोकणातला जुलै आणि पुण्यातला मे यांना एकच औषध चालत नाही.

पानोपानी
विकायचे नाहीयेत हो! राहते बर्मिंगहॅमला. गच्ची नाही, आणि या दिवसांत ऊनही नाही. अंक १९६८ ते १९८२ च्या मधले, सलग नाहीत. एका घराची आवराआवर चालली होती, तिथल्या गॅरेजमध्ये खोक्यांत पडून होते. कोरडे आहेत, पण खालच्या थराला पांढरट भुकटी दिसते. चिकटलंय ते मुख्यतः मुखपृष्ठ आणि त्याच्या आतलं पान.

काका, रेडिओ टाइम्स म्हणजे तेव्हाचं बीबीसीचं साप्ताहिक कार्यक्रमपत्रक. १९२३ च्या सुमारास वर्तमानपत्रं कार्यक्रमांची यादी फुकट छापायला तयार होईनात, तेव्हा बीबीसीने स्वतःच काढलं. पहिला अंक २८ सप्टेंबर १९२३ चा, किंमत दोन पेन्स. पुढे टीव्ही आला तरी नाव तेच राहिलं. १ मार्च १९९१ पर्यंत तर त्यात फक्त बीबीसीचे कार्यक्रम असत, आयटीव्ही या खासगी वाहिनीसाठी 'टीव्ही टाइम्स' वेगळं घ्यावं लागे. नाताळला कित्येक घरांत दोन्ही येत.

मला हे का हवेत तेही सांगते, म्हणजे कोणी पुन्हा भाव विचारणार नाही. आईबाबा सोलापूरहून इथे आले तेव्हा आपल्या भाषेच्या जवळचं असं टीव्हीवर जे काही लागायचं ते रविवारी सकाळी: 'नयी जिंदगी नया जीवन'. १९६८ पासून १९८२ पर्यंत चाललं, इथेच बर्मिंगहॅमला तयार व्हायचं. निवेदक महेंद्र कौल दिसले की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायची. बाबा नवा अंक घरात आला की निळ्या पेनाने आठवड्याच्या कार्यक्रमांना गोल करायचे, आणि पहिला गोल तिथे पडायचा. आमचे अंक घर बदलताना रद्दीत गेले. आता मी त्या वर्षांचे अंक गोळा करते. मुखपृष्ठावर कोण आहे याच्याशी मला काही घेणं नाही. मला आतला साधा मंगळवार हवा असतो. दुपारी मुलांचं काय होतं, संध्याकाळी बातम्या किती वाजता होत्या, रात्री प्रक्षेपण कधी संपायचं.

आत्ता समोर १९७४ चा एक अंक उघडा आहे. शनिवारच्या फुटबॉलसमोर कोणीतरी पेन्सिलीने 'जिम' लिहिलंय आणि एक बाण काढलाय. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर सिनेमा आहे, त्याच्यासमोर दुसऱ्या हस्ताक्षरात 'मी!!' असं लिहून खाली दोन रेघा. एका घरातलं अख्खं भांडण त्या दोन इंचांत आहे. हे मला घालवायचं नाही. म्हणून विचारते, पिनांचं काय करू?

डिजिटल दादा
ताई, एवढा त्रास कशाला? बीबीसीने 'जिनोम' नावाचं संकेतस्थळ २०१४ मध्येच सुरू केलंय. १९२३ ते २००९ च्या रेडिओ टाइम्समधल्या कार्यक्रमांच्या याद्या तिथे शोधता येतात, फुकट. 'नयी जिंदगी' टाका, तारखांसकट सगळं समोर येईल. जे अंक हवेत ते स्कॅन करा आणि कागद मोकळा करा. घरात बुरशी आणणं तब्येतीला बरं नाही.

पानोपानी
दादा, जिनोम मी रोज वापरते, कोणता अंक शोधायचा हे त्यावरूनच ठरवते. पण तिथे जिमचा बाण नाही.

एडिसनकर
पानोपानी, अगदी मनातलं बोललीस! मी इकडे न्यू जर्सीत 'टीव्ही गाइड' हे अमेरिकेचं कार्यक्रमपत्रक जमवते. खिशात मावेल असा छोटा आकार. पहिला राष्ट्रीय अंक ३ एप्रिल १९५३ चा, मुखपृष्ठावर विनोदी अभिनेत्री लुसिल बॉलचं बाळ. तो छोटा आकार ऑक्टोबर २००५ पर्यंत टिकला, मग मोठा झाला आणि माझ्यासाठी मजा गेली. गंमत म्हणजे मुखपृष्ठ देशभर एकच, पण आतल्या याद्या प्रत्येक भागाच्या वेगळ्या. फिलाडेल्फियाचा अंक घेतला तर न्यूयॉर्कचा आठवडा सापडत नाही. त्यामुळे एकाच तारखेचे कितीतरी वेगवेगळे अंक असतात आणि गोळा करणं कधी संपतच नाही. दर सप्टेंबरला नव्या मालिकांचा खास अंक यायचा, तो मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. तुमच्याकडे असं भागवार असतं का गं?

सिंहगड टॉवर
या धाग्याने कुठल्या कुठे नेलं. आपल्याकडे असं साप्ताहिक कोणी घरी घेत असल्याचं आठवत नाही, पण आपल्याकडे 'साप्ताहिकी' होती! मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यालाही दिसू लागलं. साप्ताहिकीत निवेदिका पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम वाचून दाखवायची. माझी आत्या वही घेऊन बसायची. 'गजरा' कधी, 'प्रतिभा आणि प्रतिमा'त कोण येणार, शनिवारचा मराठी सिनेमा कोणता. सिनेमाचं नाव कळलं की शेजारच्यांना सांगायला मला पिटाळायची, कारण टीव्ही आमच्याच घरी होता. कोणाकडे अशा वह्या उरल्यात का? वर्तमानपत्रातली कात्रणंही चालतील.

रोखठोक
कात्रणांना भाव नाही.

सिंहगड टॉवर
भाव कोणी विचारलाय का?

स्वप्नील_कागद
मूळ प्रश्नाकडे येतो. प्रत्येक पान लॅमिनेट करून घ्या. बुरशी नाही, वास नाही, फाटायची भीती नाही. मी लग्नपत्रिका आणि मार्कशीट सगळं केलंय.

दप्तरी
लॅमिनेशन अजिबात नको! उष्णता आणि गोंद कागदात कायमचे शिरतात, पुढे कोणालाही ते सोडवता येत नाही. एका संग्रहालयाच्या दप्तरखान्यात मी आयुष्य काढलंय, लॅमिनेट केलेले कागद आतून तपकिरी होताना पाहिलेत.

काका, तुमच्या वडिलांच्या जपणुकीबद्दल आदर आहे, पण ऊन नको. या कागदात लाकडाचा लगदा असतो, त्यातलं लिग्निन उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. डांबरगोळीने किडे मरतात, बुरशी नाही. आणि तो वास एकदा कागदात मुरला की कुबट वासापेक्षा जास्त त्रास देतो. बंद खोलीत ती वाफ श्वासात जाणंही वाईट.

पानोपानी, आता तुमचं काम. भुकटीसारखी कोरडी बुरशी म्हणजे ती सध्या झोपलेली आहे. तिला पुन्हा ओल मिळू द्यायची नाही. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, शक्यतो घराबाहेर किंवा उघड्या खिडकीपाशी बसा आणि मऊ कोरड्या ब्रशने भुकटी स्वतःपासून दूर झटका. ओलं फडकं लावू नका, डाग आत जातो. पाहुण्यांत दम्याचं कोणी असेल तर ही खोकी राहत्या खोलीत ठेवूच नका.

वासासाठी: झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला वाटीभर खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा, त्यावर जाळी, जाळीवर अंक उभे आणि थोडे उघडे. सोडा कागदाला लागू द्यायचा नाही. अधूनमधून बदला. हे रविवारपर्यंत होणार नाही, आठवडे लागतील.

पिना काढा. पिना काढायचं ते दातवालं यंत्र वापरू नका, गंजलेल्या जागी कागद फाटतो. अंक मधोमध उघडा, पिनेच्या वाकवलेल्या दोन टोकांखाली पातळ बोथट पातं सरकवून ती सरळ उभी करा, मग अंक पालथा करून बाहेरून हलकेच ओढा. तुटली तर तुकडे चिमट्याने. त्याच भोकांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने सैल टाका घाला, गाठ आतल्या बाजूला. पेन्सिलीच्या खुणांवर खोडरबर किंवा ब्रश फिरवू नका.

मुखपृष्ठं चिकटलीत ती जोर लावून सोडवू नका. गुळगुळीत कागद ओला होऊन वाळला की त्याचा लेप एकमेकांत मिसळतो, ओढलात तर छपाईच निघून येईल. ती तशीच राहू द्या.

कोथरूडचे काका
दप्तरीसाहेब, तुमचं शास्त्र खरं असेल, पण आमच्याकडचे १९६० च्या आसपासचे अंक आजही वाचता येतात. ऊन दरवर्षी दाखवतो.

दप्तरी
काका, कडेची पानं आणि मधली पानं शेजारी धरून रंग बघा. एवढंच करा.

कोथरूडचे काका
बघतो. पण डांबरगोळ्या काढणार नाही. घरात झुरळं आहेत.

पानोपानी
दप्तरीकाका, तुमचे किती आभार मानू! हेच हवं होतं. आज दोन अंकांच्या पिना काढल्या, एक तुटली पण कागद वाचला. आता खोकी शेडमध्ये ठेवायचा विचार आहे, चालेल ना? आणि एडिसनकर, हो, इथेही आवृत्त्या वेगळ्या असायच्या. माझ्या गठ्ठ्यातले सगळे मिडलंड्सचे, म्हणजे आमच्या बर्मिंगहॅमच्या भागाचे, नसावेत, ओळखायचं कसं?

कार्डिफचा पाहुणा
मुखपृष्ठावर बारीक अक्षरात आवृत्तीचं नाव छापलेलं असतं, किमतीच्या आसपास बघा. माझ्याकडे वेल्सचे आहेत, त्यांत वेल्श भाषेतले कार्यक्रम दिसतात. आणखी एक सांगतो, सलग संच लावणार असाल तर आठवडा १९६० पासून शनिवार ते शुक्रवार आहे, त्याआधी रविवार ते शनिवार. जुन्या संचात तारीख जुळत नाही म्हणून लोक हैराण होतात. आणि १९४७ च्या फेब्रुवारीतले अंक शोधत बसू नका, कोळशाच्या टंचाईमुळे तेव्हा दोन आठवडे अंक निघालाच नाही.

दप्तरी
शेड नको. तिथे रात्री थंडी आणि दिवसा ऊब, म्हणजे दव. घरातलीच आतल्या भिंतीची जागा शोधा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. जमिनीपासून वर, पलंगाखाली फळीवर चालेल. वेगळे ठेवायचे अंक पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका, ती कागदाला चिकटतात.

सिंहगड टॉवर
अवांतर, पण कोणाला इतिहास हवा असेल तर: आपल्याकडेही कार्यक्रमपत्रक होतं, रेडिओचं. 'इंडियन रेडिओ टाइम्स' १५ जुलै १९२७ ला सुरू झालं, मुंबई केंद्राचं उद्घाटन २३ जुलैचं, म्हणजे पत्रक केंद्राच्या आधी. १९३५ च्या डिसेंबरात त्याचं 'द इंडियन लिसनर' झालं आणि १९५८ च्या जानेवारीत 'आकाशवाणी'. त्यात मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम वेळेसकट दिलेले असतात. कोणत्या संध्याकाळी कोणाचं गाणं झालं हे वाचता वाचता रात्र जाते. पानोपानी, तुम्हाला आवडेल.

डिजिटल दादा
'इंडियन लिसनर'चे जुने अंक तर स्कॅन करून नेटवर आलेत. बघा, मी म्हणत होतो!

सिंहगड टॉवर
स्कॅन झाले कारण कोणीतरी कागद ठेवला होता.

एडिसनकर
दप्तरीकाका, माझाही एक प्रश्न. माझ्या बऱ्याच टीव्ही गाइडवर वर्गणीदाराच्या नावपत्त्याची चिकटपट्टी आहे, थेट मुखपृष्ठावरच्या चेहऱ्यावर. हेअर ड्रायरने गरम करून काढू का?

दप्तरी
ड्रायर नको. त्यासाठी वेगळा धागा काढा, फोटो टाका. पण आवृत्ती कुठली ते अंकावर लिहिलेलं नसेल तर पट्टी काढूच नका. पत्त्यावरूनच कळेल तो अंक कुठल्या गावच्या टीव्हीचा आहे.