पाचगणी ते रिचमंड: मनपरिवर्तनाने वंशभेद मिटतो का?

डोंगरमाथा (धाग्याचा आरंभ)

पाचगणीच्या 'एशिया प्लॅटो' केंद्रात मी नुकताच तीन दिवस राहून आलो. फ्रँक बुकमन या अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशकाने १९३८ साली लंडनमध्ये आरंभलेल्या 'मॉरल री-आर्मामेंट' या चळवळीचे हे केंद्र राजमोहन गांधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारले. चळवळीचे आजचे नाव 'इनिशिएटिव्हज ऑफ चेंज' असून येथे सर्व धर्मांचे लोक येतात. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थता आणि प्रेम या चार कसोट्यांवर स्वतःला तपासत पहाटे वही घेऊन शांत बसणे, हा तिचा गाभा आहे. तिसऱ्या दिवशी माझ्या वहीत एकच ओळ उतरली: आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचा खिडकीत पालथा ठेवलेला वेगळा कप.

अमेरिकेतील रिचमंड शहरात १९९३ साली याच चळवळीच्या पुढाकाराने काळे आणि गोरे नागरिक गुलामांच्या जुन्या बाजाराच्या वाटेने एकत्र चालले. ज्या इतिहासाविषयी शहर मौन बाळगून होते, तो त्यांनी एकमेकांसमोर उच्चारला. कायदा हे करू शकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

चवदार

मी पूर्णतः असहमत आहे. त्याच रिचमंडमध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांचा सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा त्या पदयात्रेनंतरही अठ्ठावीस वर्षे उभा होता. तो २०२१ साली हलला, आणि तोही जॉर्ज फ्लॉइड या काळ्या नागरिकाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर रस्त्यावर उतरलेल्या लोकांच्या रेट्यामुळे. शिवाय बुकमन यांनी १९३६ साली एका मुलाखतीत, साम्यवादाविरुद्ध फळी उभारल्याबद्दल हिटलरसारख्या माणसासाठी देवाचे आभार मानले होते, हे विसरता येणार नाही. महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली सत्याग्रहाने घेतले गेले आणि १९३७ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने तो हक्क पक्का झाला. सवर्णांच्या मनपरिवर्तनाची वाट पाहिली असती, तर ओंजळ कोरडीच राहिली असती.

डोंगरमाथा

बुकमन यांच्या त्या उद्गारांचे समर्थन मी करणार नाही. परंतु १९४७ साली स्वित्झर्लंडमधील को या गावी इरेन लॉर या फ्रेंच समाजवादी नेत्या, ज्यांच्या मुलाचा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, छळ केला होता, जर्मनांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच्या द्वेषाबद्दल क्षमा मागितली. हे कोणत्या न्यायालयाला जमले असते?

चवदार

मला नेमके तेच खुपते. छळ सोसला त्यांनी, आणि क्षमाही त्यांनीच मागायची? त्यांच्या मोठेपणाबद्दल मला आदर आहे, पण पीडितांकडून अशी अपेक्षा धरणारी चळवळ सबळांना फार सोयीची ठरते. आणि त्या कपाविषयी आपण पाचगणीच्या सभागृहात बोललात, की मावशींशी?

डोंगरमाथा

प्रश्न रास्त आहे. द्वेषाचे ओझे उतरवणे म्हणजे गुन्हा माफ करणे नव्हे, असे मी मानतो. रिचमंडमध्ये तर लाभ उपभोगलेल्यांनीही आपल्या बाजूने बोलण्यास आरंभ केला. मावशींकडे मी परवा गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "कपाचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आठवड्याची सुट्टी मात्र अकरा वर्षांत मिळाली नाही." या महिन्यापासून रविवारची भरपगारी सुट्टी ठरली आहे. वहीत मात्र ती मला सुचली नव्हती.