पुण्यात बसून इंका विणकाम शिकता येईल का?

रंगीतधागा, कोथरूड
वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स संग्रहालयातल्या इंका (पेरूतलं जुनं साम्राज्य) अंगरख्याचा फोटो बघितला, सगळा चौकोनी नक्ष्यांनी भरलेला, त्यांना तोकापु म्हणतात, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मला फक्त क्रोशे येतं. माग नाही, पेरूला जाणं आत्ता शक्य नाही. सुरुवात कुठून करू?

टकळीवाला
आधी एक सांगतो, तुम्ही बघितलेला अंगरखा म्हणजे कुम्पी, म्हणजे राजघराण्यासाठी विणलेलं सगळ्यात बारीक कापड, ते उभ्या मागावर व्हायचं, निवडून आणलेल्या अक्याकुना बायका आणि खास पुरुष विणकर ते विणायचे. तिथून सुरू करू नका. कुस्कोजवळच्या चिंचेरोत मुली आधी हाकिमा विणतात, बोटभर रुंदीची पट्टी, तेच करा. माग कमरेचा, ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला, मागे झुकलं की ताण वाढतो, पुढे आलं की सैल. यात आडवा धागा दिसतच नाही, उभे धागे बोटांनी उचलून नक्षी काढायची. लोकर नको, मऊ लोकरीचे धागे एकमेकांना चिकटतात आणि आडवा धागा घालायची फट उघडत नाही. चिंचेरोच्या विणकरांचं सूत दोन पदरी, घट्ट पिळाचं असतं. तुळशीबागेत क्रोशेचा चकचकीत कॉटन दोरा मिळतो तो घ्या.

येवल्याची लेक
ताई, माझ्या माहेरी पैठणी विणतात, म्हणून कुम्पीचं वाचलं तेव्हा अंगावर काटाच आला. रंग बदलतो तिथे दोन आडवे धागे एकमेकांत अडकवायचे, दोन्ही बाजू सारख्याच, पदराचं कामही असंच तर असतं! आणखी एक, अँडीज डोंगरांच्या भागात, म्हणजे पेरूकडे, कापड हवं त्या मापाचंच विणतात, चारही कडा बंद, कात्री लावायचीच नाही. मला तर ते फार मोठं वाटतं.

रंगीतधागा
दादा, काल दोरा आणला. 24 उभे धागे, लाल-पांढरे, गजाला बांधून दोन तास बसले. कडा वाकड्यातिकड्या आल्यात, मधेच पट्टी अरुंद होतेय, असं का?

टकळीवाला
आडवा धागा प्रत्येक वेळी सारखा ओढला जात नाहीये. पहिल्या चार बोटांत जी रुंदी आली ती कागदावर आखून ठेवा आणि दर दहा ओळींनी लावून बघा. उसवू नका, तशीच पुढे विणा.