मदत हवी आहे: लिक्विड कूलिंग असूनही प्रोसेसर १०० डिग्रीला, रेंडर रांगतंय

चोपडा_फ्रेम्स
अर्जंट आहे. लिक्विड कूलर असून प्रोसेसर १०० ला जातोय आणि रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फायनल फाईल बनवणं) मुंगीच्या पावलाने चाललंय. आखाजीतल्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नांचे व्हिडिओ द्यायचेत, पार्टीचे फोनवर फोन. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट नवीन लावून झाली. फॅन फिरतात, पंपाची लाईट लागते, म्हणजे कूलर चालू आहे. काय बदलू तेवढं सांगा, "सर्व्हिसिंग करा" नको.

खटपट्या
प्रोसेसर कोणता? रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) २४० मिमीचा की ३६० चा? नुसता डेस्कटॉप उघडा असताना किती तापमान, रेंडर लावल्यावर १०० ला जायला किती वेळ? आणि खोलीत किती आहे?

अमळनेरकर भो
भो, मे महिना शे हाऊ! आठे मानूस तापस, मशीनले काय सोडस?

चोपडा_फ्रेम्स
इंटेल आय सेव्हन, के वाला (वेग वाढवता येतो तो). बाकी सगळं नॉर्मल. थंडीत हाच पीसी मस्त चालायचा.

खटपट्या
"नॉर्मल" म्हणजे किती ते सांगा ना. आणि के वाला कोणत्या पिढीचा?

रावेरची_केळी
सरळ उपाय सांगतो. पीसी डेझर्ट कूलरसमोर ठेवा. साईड पॅनल काढून. माझा असाच चालतो, फेब्रुवारी ते जून.

सर्किट_भुसावळ
@रावेरची_केळी, हा सल्ला कृपया कोणाला देऊ नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. कूलरच्या झोताबरोबर बारीक तुषार येतात आणि मदरबोर्डावर पांढरा थर धरतात. असे बोर्ड माझ्याकडे रिपेअरला येतात, पिनांवर मीठ टाकल्यासारखे दिसतात.

रावेरची_केळी
माझ्या बोर्डावर काही थर नाही. भुसावळवाल्यांना दीपनगरच्या वीजकेंद्राची राख दिसत नाही, आमचा कूलर दिसतो.

चोपडा_फ्रेम्स
१३७०० के. रेडिएटर २४०, कॅबिनेटच्या वरच्या बाजूला. काही न करता ६०-६२. रेंडर लावलं की लगेच १००. खोलीत भिंतीवरचं ३८ दाखवतंय.

धुळे_गेमर
लिक्विड कूलिंग हा शोबाजीचा प्रकार आहे, आधीपासून सांगतोय. दोन टॉवरवाला मोठा एअर कूलर घ्या. पंपच नाही तर पंप बिघडणार कुठून? आणि पाच-सहा वर्षांत नळ्यांतून पाणी थोडं थोडं उडतंच.

सर्किट_भुसावळ
१३७०० के टर्बोत (पूर्ण जोरात) २५३ वॅट खातो, बोर्डाने मर्यादा उघडी सोडली असेल तर त्याच्याही वर. एअर कूलरवर ३८ च्या खोलीत हा गार राहील असं तुम्हाला वाटत असेल तर शुभेच्छा. १०० ही या चिपची हद्द आहे. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते, म्हणून रेंडर रांगतंय.

धुळे_गेमर
२५३ वॅट चोवीस तास कोण खातं?

सर्किट_भुसावळ
रेंडरच खातं! गेम नाहीये हा.

तापीकाठ
पीसीच्या लिक्विड कूलरमधलं पाणी बदलून पाहा. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं, स्वस्त आहे. मी गाडीचं कूलंट पण सुचवेन.

खटपट्या
@तापीकाठ, हे सीलबंद युनिट आहे, घरी उघडायचं नाही. प्रोसेसरवर टेकणारी प्लेट तांब्याची, रेडिएटर बहुतेकदा अ‍ॅल्युमिनियमचा. गंजरोधक नसलेलं पाणी ओतलं की दोन धातू मिळून आतून खातात. आणि चोपडा भाऊ, महत्त्वाचं: लगेच म्हणजे पाच सेकंदांत की पाच मिनिटांत? खोली तापलेली किंवा जाळीत धूळ असेल तर तापमान हळूहळू चढतं, कारण आतलं पाणी तापायला वेळ लागतो. सेकंदांत उडी मारली तर एक तर प्लेट नीट बसलेली नाही, नाहीतर पाणी फिरत नाही.

चोपडा_फ्रेम्स
सेकंदांत. प्लेट नीट बसली आहे, दुकानदाराने माझ्यासमोर प्लॅस्टिक काढून लावली. अजून किती प्रश्न?

खटपट्या
अजून एक. रेंडर चालू ठेवून दोन्ही नळ्यांना हात लावा.

जळगाव_जंक्शन
मुद्दा भलतीकडे चाललाय. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या के चिपांमध्ये जास्तीच्या व्होल्टेजचा घोळ होता, २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केलं आणि त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट) काढला. तो बायोसमधून (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) येतो, आधी ते अपडेट करा. पुढचं पुढे.

चोपडा_फ्रेम्स
अहो तेच तर करून आणलं मागच्या आठवड्यात! त्यानंतरच हे सुरू झालं. तुमच्या त्या अपडेटनेच चिप बिघडली असेल. आणि हो, एक नळी चटका बसेल इतकी तापलीय, दुसरी जवळपास गार.

खटपट्या
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर सकाळीच सुटलं असतं. चिप बिघडलेली नाही. पाणी नीट फिरत असेल तर दोन्ही नळ्यांत जेमतेम दोन-चार डिग्रीचा फरक पडतो. विहिरीवर मोटर घरघरतेय आणि पाटाला करंगळीएवढी धार, असं झालंय तुमचं. पंपाची वायर बोर्डावर कुठे लावलीय?

चोपडा_फ्रेम्स
लाईट लागते ना पण पंपाची.

सर्किट_भुसावळ
लाईटचा वीजपुरवठा वेगळा असतो. पंप निम्म्या वेगाने फिरला तरी लाईट झगमगतेच. एचडब्ल्यू इन्फो (तापमान-वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा.

चोपडा_फ्रेम्स
पंप नावाची ओळ ० दाखवते. "चासिस फॅन २" मध्ये ११०० च्या आसपास. वायरचा माग काढला, ती तिथेच गेलीय.

खटपट्या
सापडलं. असेंब्ली करताना पंप साध्या फॅनच्या पिनांवर लावला असणार आणि बायोसमध्ये ती पिन फुल स्पीडवर ठेवली असणार, म्हणून थंडीत चाललं. अपडेट झाला की बायोसच्या सेटिंग बहुतेकदा मूळपदावर येतात. आता बोर्ड त्याला कॅबिनेटचा फॅन समजून आवाज कमी ठेवायला व्होल्टेज कापतोय. पीसी बंद करून वायर "एआयओ पंप" लिहिलेल्या पिनांवर लावा आणि बायोसमध्ये ती फुल स्पीडवर आहे ना ते तपासा.

जळगाव_जंक्शन
म्हणजे अपडेटचा दोष नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

अमळनेरकर भो
भो, तुले कोनी इचारं का?

चोपडा_फ्रेम्स
केलं. आरपीएम २७००. डेस्कटॉपवर ४६. रेंडर लावलंय, ९१-९२ वर टिकून आहे, वेग पूर्ववत. आता ९२ चं काय करू? की चालेल?

सर्किट_भुसावळ
अपडेटने वॅटची मर्यादा पण उडवली असेल. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ नावाच्या वॅट-मर्यादेच्या दोन ओळी असतात. दोन्हीकडे १८० ठेवून बघा. रेंडरला थोडा वेळ जास्त लागेल, पण तापमान बरंच खाली येईल. आणि खोली गार करा. रेडिएटर खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, ३८ च्या खोलीत तो ३८ च्या वरूनच सुरुवात करतो.

रावेरची_केळी
खोली गार करा म्हणजे कूलर लावा. मी दुसरं काय म्हणत होतो?

सर्किट_भुसावळ
खोलीत कूलर लावा, हो. मे महिन्यात आपली हवा कोरडी असते, तेव्हा तो चांगलं काम करतो. फक्त झोत पीसीवर नको, समोरची खिडकी उघडी हवी, आणि मृगाच्या पावसानंतर बंद. साईड पॅनल काढून समोर ठेवणं वेगळं.

रावेरची_केळी
माझा पीसी चार उन्हाळे चालला आहे.

तापीकाठ
कूलरमध्ये वाळा चांगला की हनीकोंब पॅड? बोअरच्या पाण्यात पॅड महिन्याभरात दगड होतं आमच्याकडे.