मागची जि.प. शाळा: आधी दगडी की आधी स्लॅबची?

राजेश (सी-१०२): नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या मागच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक शनिवारी आहे. शाळेच्या दोन इमारती. रस्त्याकडची दगडी, कौलारू, ब्रिटिशांच्या वेळची, चार खोल्या. मागची दुमजली स्लॅबची, १९८६ ची, आठ खोल्या. डीपीसीतून (जिल्हा नियोजन समितीतून) निधी मिळेल असं दिसतंय, पण दोन्हींना पुरणार नाही. बहुतेकांचं म्हणणं, दगडीचं निर्लेखन करून (म्हणजे सरकारी नोंदीतून कमी करून) पाडा आणि तिथे नव्या खोल्या बांधा. स्लॅबच्या इमारतीला रंग आणि दोन डिजिटल बोर्ड. ग्रुपवर जाणकार आहेत म्हणून विचारतो, सुरुवात कुठून करावी?

इनामदार काका (ए-१०१): राजेश, वयावरून ठरवू नका. जुनी म्हणजे धोकादायक आणि स्लॅब म्हणजे पक्की, ही समजूतच घात करते. विचारायचे प्रश्न चार. न सांगता काय पडू शकतं? त्याखाली किती मुलं किती वेळ असतात? पाणी कुठून आत येतंय? आणि ती खोली बंद केली तर वर्ग बसवायला दुसरी जागा आहे का? या चारांत जी इमारत वर येईल तिला पहिला पैसा.

मंदार (सी-३०३): काकांशी सहमत. स्लॅबच्या इमारतीचे जे फोटो राजेशभाऊंनी मागे टाकले होते त्यात छज्जांच्या खाली तांबूस रेघा आणि एका ठिकाणी उघडी सळई दिसते. माझ्या दृष्टीने तीच पहिली. छज्जा भिंतीतून बाहेर लटकलेला असतो, त्यात सळई वरच्या अंगाला लागते. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवर पाय देऊन चालले की सळई खाली दबते. असा छज्जा वर्षानुवर्षं उभा दिसतो आणि एका पावसात सरळ खाली येतो, वाकून इशारा वगैरे देत नाही. आणि छज्जाखाली काय असतं? मधल्या सुट्टीतली मुलं.

राजेश: बापरे. मग लगेच काय करायचं? निधी यायला महिने जातील.

मंदार: बिनपैशाचं आधी करा. छज्जांच्या रेषेपासून दोन मीटर पट्टा दोरी बांधून बंद. गच्चीवर १००० लिटरच्या ज्या दोन टाक्या आहेत त्या भरल्यावर प्रत्येकी टनभर होतात. स्लॅबच्या मधोमध ठेवल्या असतील तर खाली जमिनीवर आणा, किमान भिंतीवर येतील अशा सरकवा. गच्चीचा कठडा हलतो का ते हाताने ढकलून बघा, पण आतल्या बाजूने. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत २५ जुलै २०२५ ला सकाळी कोसळलं, सात मुलं गेली. ऐन पावसाळ्यात.

 

अश्विनी (बी-२०५): दगडी इमारतीबद्दल मी लिहिते. पण आधी मंदार, गच्चीवर कोबा (गळती रोखायला स्लॅबवर घालतात तो थर) किती थरांचा आहे ते कुणी पाहिलं का?

मंदार: हाच मुद्दा होता. गळती लागली की ठेकेदार जुन्या वीटतुकड्यांच्या कोब्यावर नवा कोबा टाकून मोकळा होतो. सरासरी चार इंची कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातो. २० बाय २५ फुटांची खोली म्हणजे ४६ चौ.मी. एका वर्गावर ९ टन जादा. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी डिझाइनमध्ये चौ.मी.ला १५० किलो धरतात, म्हणजे दुसऱ्या कोब्याने तो सगळा खाल्ला आणि त्याच्याही वर गेला. बरं, पाणी थांबत नाहीच. ते दोन थरांच्या मध्ये साठून राहतं आणि स्लॅब बारमाही ओला. पावसाळी पाइपच्या तोंडाशी छिन्नीने एक खड्डा घेतला की थर मोजता येतात, अर्ध्या तासाचं काम.

इनामदार काका: थर दोन निघाले तर अंदाजपत्रकात पहिली नोंद "जुना कोबा काढणे" ही हवी. ती नसली की तिसरा थर पडतो. मलबा गच्चीवर ढीग करून ठेवू देऊ नका. रोजचा रोज खाली.

राजेश: आणि स्लॅबच्या इमारतीची तपासणी म्हणजे नेमकं काय? मागच्या वेळी एक जण आला, पंधरा मिनिटं फिरला, "ठीक आहे" लिहून गेला.

मंदार: ते ऑडिट नव्हे. लेखी अहवालात एवढं हवंच:
हातोडीने ठोकून काढलेला नकाशा. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं ढबढब. प्रत्येक खोलीचं छत, तुळया, खांब, कुठे पोकळ ते आराखड्यावर रंगवलेलं.
रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजतो) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी आरपार सोडून आतलं काँक्रीट बघतात) चाचणी. नुसत्या हॅमरवर विश्वास नको, काँक्रीटचा पृष्ठभाग हवेने कडक झालेला असतो आणि आकडे फुगतात.
फिनॉल्फ्थॅलीन, हे रंग बदलणारं रसायन. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय, रंग आला नाही तर ते संरक्षण गेलं. रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर नुसत्या प्लास्टरने काही होत नाही.
कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने, किमान तीन. सरासरी ताकद मूळ ग्रेडच्या (डिझाइनमध्ये धरलेल्या ताकदीच्या) ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. १९८६ चं काम बहुधा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) म्हणजे एम-१५ ग्रेडचं, त्याच्याशी तुलना करायची, आजच्या एम-२५ शी नाही.
आणि शेवटी वर्गवारी, मुंबई महापालिका करते तशी. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी राहत्या जागी मोठी दुरुस्ती, सी-३ किरकोळ. मोघम "दुरुस्ती आवश्यक" असं वाक्य स्वीकारू नका. ते कुणालाच बांधील नसतं.

सुनीताताई (बी-४०२): आणि वर्गवारी इमारतीची नको, खोलीगणिक मागा. निर्लेखनाचा प्रस्तावसुद्धा खोल्यांचा जातो. आठातल्या दोनच वाईट असतील तर सहांत शाळा चालते. सरसकट इमारत बंद झाली की वर्ग मंदिरात नाहीतर समाजमंदिरात भरतात, मग पट गळतो, आणि पट गळाला की नव्या खोल्यांची मागणीच पडते.

मंदार: ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खोलीगणिक करू.

अश्विनी: आता दगडी. पाडायची घाई करू नका, पण "जुनं ते सोनं" म्हणूनही सोडू नका. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला जी घरं पडली ती दगडीच होती. दोन बाजूंना दोन दगडी पापुद्रे, मध्ये माती आणि बारीक दगडगोटे, वर मातीचं जड धाबं. भूकंपात पापुद्रे सुटे झाले आणि छत खाली. आपण कोयनेच्या टापूत आहोत, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दोन्ही पहाटे चारच्या सुमाराला झाले, शाळा रिकाम्या होत्या. म्हणून दगडी शाळेत पहिली पाहणी कौलांची नाही, भिंतीची. दोन्ही पापुद्रे बांधणारे आरपार दगड आहेत का? उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर एक तरी हवा. नसतील तर भोक पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून तसे बांध घालता येतात. भिंत बाहेर पोट काढून फुगली असेल तर ती खोली आजच रिकामी.

इनामदार काका: आणि भेगा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेली तर पाया बसतोय. दोन भिंतींच्या सांध्यात उभी आहे तर भिंती एकमेकींना सोडतायत, ही वाईट. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून त्यावर तारीख लिहा. पट्टी तुटली तर भेग जिवंत आहे. जिवंत भेग बुजवायची नसते, तिचं कारण शोधायचं असतं. दर वर्षी रंगकाम करून आपण हाच पुरावा पुसून टाकतो.

अश्विनी: काकांच्या या वाक्याला दहा अंगठे 👍 
पुढे. त्या इमारतीत ओल दिसते ती बहुतेक तीन ठिकाणची. एक, पन्हाळ नाही किंवा गंजलीय, पागोळ्या जोत्यावर आपटतात. दोन, पटांगणात दर काही वर्षांनी काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक, असं करत जमीन एवढी चढली की जोतं पुरलं गेलं. बाहेरची जमीन आतल्या फरशीच्या बरोबरीला आली तर ओल येणारच. तीन, दगडांच्या दरजा (मधले सांधे) सिमेंटने भरल्यात. आपला काळा दगड घट्ट, पाणी पीत नाही. भिंत श्वास घेते ती सगळी चुन्याच्या सांध्यातून. तो सिमेंटने बंद केला की ओल आतल्या बाजूला निघते, म्हणून आतला गिलावा पोपडे धरतो. पोपडे दिसले की लोक आतूनही सिमेंट मारतात. मग ओल तुळईच्या टोकाला जाते.

इनामदार काका: चुन्याचं काम करणारे गवंडी कुठून आणणार? आणि सरकारी दरसूचीत बहुतेक नोंदी सिमेंटच्या. शाखा अभियंता सिमेंट लिहितो कारण दर तयार मिळतो.

अश्विनी: त्यासाठी दर पृथक्करण (दर कसा काढला त्याची फोड) जोडावं लागतं, मान्य. पण हे काम मोठं नाही. सिमेंटच्या दरजा छिन्नीने इंचभर खोल खरवडायच्या, यंत्र नको, दगडाच्या कडा उडतात. विरवलेला (पाण्यात भिजवून मुरवलेला) चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग. सांधा आधी ओला करायचा. भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना उन्हात भाजला की भुकटी होऊन पडतो, आणि मग सगळे म्हणतात चुना टिकत नाही.

राजेश: कौलं काढून पत्रा टाका असं सरपंच म्हणतात. माकडांचा त्रास आहे, रोज दहा कौलं सरकतात.

अश्विनी: माकडांचं खरं आहे. पण पत्र्याखाली जुलैत शिक्षकांचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही आणि एप्रिलमध्ये मुलं भाजून निघतात. मंगलोरी कौलं चौ.मी.ला १५ च्या आसपास लागतात, अडीच किलोच्या आतबाहेरचं एक. कैच्यांना (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी लाकडी चौकटींना) ते वजन झेपतंय, प्रश्न कैचीच्या टोकांचा आहे. भिंतीत गाडलेल्या प्रत्येक टोकात पेचकस टोचून बघा. सागवानात तो इंचभर सहज गेला तर टोक कुजलंय. अख्खी कैची बदलायला जाऊ नका. कुजका भाग कापून नवा सागवानी तुकडा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, आरपार बोल्ट. आणि टोकाभोवती हवा खेळायला बोटभर फट सोडा. गवंडी सवयीने तिथे सिमेंट ठासतो, तेच पुन्हा कुजवतं. माकडांसाठी रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) बदलताना कौलांना तांब्याच्या तारेने बांधून घ्या, निदान कडेच्या आणि आढ्याच्या ओळी. कौलं उतरवताना दोन्ही पाखांवरून (छपराच्या उतारांवरून) बरोबरीने उतरवायची. एकच पाखं आधी रिकामं केलं तर कैची कलते.

सुनीताताई: कौलं उतरवण्याआधी कपाटातली जनरल रजिस्टरं हलवा! साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये बाबासाहेबांचा ७ नोव्हेंबर १९०० चा शाळाप्रवेश रजिस्टरमध्ये आहे, त्याच तारखेवरून राज्यात विद्यार्थी दिवस साजरा होतो. आपल्या शाळेच्या रजिस्टरांना लोक जातीच्या आणि जन्मतारखेच्या दाखल्यांसाठी अजून येतात. पत्र्याच्या पेटीत नको, आत घाम धरतो. लाकडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

शेखभाई (ए-३०४): वायरिंगचं कुणी बोललं नाही. डिजिटल बोर्ड लावायच्या आधी एक काम करा, अर्थिंग आहे का बघा. जुन्या दगडी इमारतीत लाकडी पट्टीवरची वायर असेल तर ती पूर्ण काढायची, सांधे मारत बसायचं नाही. पंखे-दिव्यांना १.५ चौ.मिमी., प्लगना २.५, डिजिटल बोर्ड आणि संगणकाची लाइन वेगळ्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर). मुख्य स्विचबोर्डवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या भिंतीत ती सारखी पडते, मग शिपाई वैतागून बायपास करतो. म्हणून वायरिंग छतानंतर, आधी नाही. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, ७५ वॅटचं काम तीस-पस्तीसमध्ये होतं. पंख्याचा हूक तुळईत आरपार बोल्टने, नुसत्या स्क्रूवर नाही.

मंदार: स्लॅबच्या दुरुस्तीतली मुख्य चूकही सांगून ठेवतो, देखरेखीला उपयोगी. सळई अर्धी उघडी करून पुढून मसाला थापतात. मागची बाजू जुन्या काँक्रीटमध्ये राहते आणि जोडावर गंज जास्त वेगाने धरतो. सळईच्या मागे बोट फिरेल इतकं फोडायचं. आधी तुळईखाली टेकू. सळई घासून चकचकीत, जाडी चौथा हिस्सा गेली असेल तर जोडीला नवी. मग गंजरोधक लेप, जुन्या-नव्याला चिकटवणारा जोडलेप, पॉलिमर मसाला एका वेळी अर्धा-पाऊण इंच. खोल असेल तर साचा लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं पातळ, ओतता येणारं काँक्रीट). सात दिवस पाणी. प्रत्येक टप्प्याचा फोटो, शेजारी खडूने खोली क्रमांक आणि तारीख. प्लास्टर झाल्यावर आत काय केलं ते कुणालाच दिसत नाही.

सुनीताताई: वेळेचंही बघा. कामाला सुट्टीचे सहाच आठवडे मिळतात. कार्यारंभ आदेश मार्चअखेरीला निघाला तर ठेकेदार एप्रिलमध्ये वाळूच्या मागे, मेमध्ये लग्नसराई, आणि जूनमध्ये उघडं छत. ऑडिट दिवाळीआधी, प्रशासकीय मान्यता डिसेंबरात, निविदा फेब्रुवारीपर्यंत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त अनुदान पट १०१ ते २५० असेल तर ५०,००० असतं. पन्हाळ, पाणी जायला जोत्याभोवती चर काढणं, भेगांवर पट्ट्या लावणं एवढं त्यात बसवा.

राजेश: रॅम्प आणि मुलींची स्वच्छतागृहं?

इनामदार काका: रॅम्प १:१२. दगडीचं जोतं दोन फूट असेल तर २४ फूट लांबी, दोन्हीकडे कठडा. जुन्या पायऱ्या न फोडता बाजूला लोखंडी करा. स्वच्छतागृह दर ४० मुलांमागे एक, आणि ते वर्गाच्या भिंतीला चिकटून नको. स्लॅबच्या इमारतीत सगळ्यात गंजलेला खांब बहुतेक त्याच्याशेजारचाच निघेल.

राजेश: मग बैठकीत असं मांडतो. आज छज्जांखाली दोरी आणि टाक्या खाली. स्लॅबच्या इमारतीचं खोलीगणिक ऑडिट पहिलं. दगडीला पन्हाळ आणि जोत्याभोवतीचा चर याच महिन्यात, भिंतीची पाहणी अश्विनीताई सांगतील त्या माणसाकडून, निर्लेखनाचा ठराव तोवर थांबवायचा. वायरिंग छतानंतर, रंग सगळ्यात शेवटी. डिजिटल बोर्ड?

शेखभाई: अर्थिंग झाल्यावर.

इनामदार काका: ठरावात "रंगकामापूर्वी भेगांची नोंद" हे शब्द घाला. शनिवारी साडेदहाला शाखा अभियंता येतोय ना? सोसायटीची बारा फुटी शिडी घेऊन ये. गच्चीच्या जिन्याला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडून शुक्रवारीच घेऊन ठेव, नाहीतर तो खालूनच बघून जाईल.