आउटलुकच्या जुन्या पीएसटी फायली: लॅपटॉपवर ठेवू की शेअर्ड ड्राइव्हवर?

चाकणचा_पर्चेसवाला
नमस्कार मंडळी. ऑटो पार्ट्सच्या कंपनीत पर्चेसला आहे. मेलबॉक्स सारखा फुल्ल होतो, आयटीवाल्याला बोलवलं की तो जुने मेल पीएसटीत (आउटलुक मेल साठवतं ती कॉम्प्युटरवरची फाईल) काढून देतो आणि जातो, त्यामुळे 2019 पासूनच्या वर्षवार फायली माझ्या डी ड्राइव्हवर पडल्यात. परवा व्हेंडरकडे बसलो असताना ऑडिटरचा फोन, जुनं रेट कन्फर्मेशन पाहिजे. मोबाईलवर सर्च मारला, काहीच नाही, कारण ते मेल सर्व्हरवर उरलेलेच नाहीत! आता नवीन लॅपटॉप येतोय. साहेब म्हणतात सगळं शेअर्ड ड्राइव्हवर टाक आणि तिथूनच आउटलुकला जोड, आपोआप बॅकअप होईल. बरोबर आहे का?

सर्व्हररूम_काका
साहेबांना नाही म्हणून सांगा. नेटवर्कवरून उघडलेली पीएसटी सपोर्टेड नाही असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. आउटलुक त्या फाईलमध्ये सारखं काहीतरी लिहीत असतं, मध्येच वायफाय गेलं की फाईल करप्ट, मग स्कॅनपीएसटी हे आउटलुकचं फाईल दुरुस्तीचं टूल चालवत बसा, तो बिचारा जे सापडेल ते लॉस्ट अँड फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये ओतून देतो आणि कुठला मेल कुठल्या फोल्डरचा होता ते तुम्ही ओळखायचं. बॅकअपचं म्हणाल तर आउटलुक चालू असताना फाईल लॉक असते, साधं बॅकअप सॉफ्टवेअर तिला सोडून पुढे जातं. आणि घेतला तरी एक मेल इकडचा तिकडे केला की 15 जीबीची अख्खी फाईल बदलली असं धरून पुन्हा सगळी कॉपी. आउटलुक बंद करून नुसती जादा कॉपी शेअर्डवर ठेवायची असेल तर खुशाल ठेवा.

जुना_खेळाडू
आउटलुक 2002 पर्यंत पीएसटीला 2 जीबीची मर्यादा होती, ती ओलांडली की फाईल उघडायचीच नाही. त्यावर मायक्रोसॉफ्टचं टूल होतं, ते फाईलचा तुकडाच कापून टाकायचं, कुठले मेल गेले ते नशीब! 2003 ला 20 जीबी झाली, 2010 पासून 50. पण 50 चालते म्हणून 50 भरायची नसते हो.

बिनधास्त_पुणेकर
एवढं काय घाबरवताय, माझ्या पीएसटी वर्षानुवर्षं नीट चालल्यात, नेट नसलं तरी मेल उघडतात आणि पासवर्डपण लावलाय.

हिशोबाची_ताई
पासवर्डचं राहू द्या दादा, तो काढणारी फुकट टूल्स ढिगाने मिळतात आणि त्या पासवर्डने आतले मेल एन्क्रिप्ट होतच नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) असलं तरच वाचाल. मला खरी काळजी वेगळीच आहे. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून 72 महिने सांभाळावे लागतात, आणि रेट, डेबिट नोट, रिजेक्शन ही सगळी बोलणी मेलवरच झालेली असतात. माणूस नोकरी सोडतो, आयटी लॅपटॉप फॉरमॅट करून पुढच्याला देतं, मेल गेले. वाद झाला तर कंपनीने शोधायचं कुठे? सर्व्हरवरून सर्च करणाऱ्या ॲडमिनला तुमच्या डी ड्राइव्हवरचं काही दिसत नाही.

चाकणचा_पर्चेसवाला
बापरे. मग ह्या जुन्या फायलींचं करू काय?

सर्व्हररूम_काका
आधी विचारा अकाउंट पॉप आहे (मेल सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवून घेणारं) की एक्सचेंज (मेल सर्व्हरवरच ठेवणारं). पॉप असेल तर ती पीएसटी हीच बहुतेक एकमेव प्रत, तिला हात लावण्याआधी एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी मारा. मायक्रोसॉफ्ट 365 (म्हणजे क्लाउडवरचं एक्सचेंज) असेल तर ॲडमिनकडून ऑनलाइन आर्काइव्ह, म्हणजे सर्व्हरवरच जुन्या मेलसाठी जादा जागा, चालू करून घ्या, लायसन्समध्ये बसतं का ते तोच बघेल. आउटलुकमध्ये खाली वेगळा मेलबॉक्स दिसतो, ब्राउझरमधूनही उघडतो. जुन्या पीएसटी त्यात इम्पोर्ट होतात. आणि जुने मेल आपोआप बाजूला काढणारं आउटलुकचं ऑटोआर्काइव्ह बंद करा, नाहीतर ते गुपचूप नवीन पीएसटी बनवत बसेल.

चाकणचा_पर्चेसवाला
365 च आहे. उद्या आयटीला मेल टाकतो, साहेबांना सीसी करून.