जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या, पण बायांची नावं कुठं गेली?

माणदेशी : माझी आत्या माण तालुक्यातली, आता ऐंशीच्या पुढं. पंचवीसेक वर्षांपूर्वी एक अभ्यासक तिच्याकडं आले. दोन दिवस तिनं त्यांना ओव्या सांगितल्या, चहा-भाकरी केली. पुढं पुस्तक निघालं. तिला ते कुणी पाठवलंच नाही. मला एका ग्रंथालयात सापडलं. तिच्या अकरा ओव्या त्यात आहेत आणि खाली फक्त 'एक वृद्ध स्त्री, माण तालुका' एवढंच. मुखपृष्ठावर संकलकाचं नाव ठळक. शिवाय भाषा धुऊन काढलेली. आत्या 'व्हतं' म्हणते, तिथं 'होतं'. 'पानी'चं 'पाणी'. त्यानं ओवीचा ठेकासुद्धा अडखळतो. जतन जतन म्हणतात ते हेच असेल, तर मला ते मान्य नाही. पहाटे चारला उठून दळलं तिनं आणि पीठ नेलं दुसऱ्यानं.

वैरण : तुमच्या आत्यावर अन्याय झाला, त्यात वाद नाही. पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी 1980च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मुळशी-मावळच्या डोंगरवाड्यांपासून मराठवाड्यापर्यंत हजाराहून अधिक गावं झाली. त्यांचे सहकारी, संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी 1990च्या दशकात त्यातल्या कितीतरी ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. 2017पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर हा ठेवा खुला होतोय. तिथं ओवीखाली गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. बायांची बोली पुसून 'शुद्ध' करायचा सोस तिथं दिसत नाही.

आणि हे काम झालं नसतं तर? गिरणी आली तशी जाती परसात गेली. आमच्याकडं आता लग्नात हळद दळायला तेवढं जातं बाहेर निघतं. त्याला सुपारी बांधतात, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावतात, एक-दोन ओव्या होतात की लगेच ध्वनिक्षेपकावर गाणी सुरू.

उंबरठा : नाव छापलं की न्याय झाला, असं मला वाटत नाही. ओवीत सासूचा जाच असतो, मारकुटा नवरा असतो, आई न्यायला येत नाही म्हणून राग असतो. ते त्या बाईनं अंधारात दगडाला सांगितलेलं. आज नाव-गावासकट ते कुणाच्याही मोबाइलवर. नातसुना ऐकतात, भावकी ऐकते. टेपसमोर बसताना तिला हे कुणी समजावून सांगितलं होतं का?

वैरण : अंधारात म्हणता, पण शेजारच्या जात्यावरची ऐकतच असायची की! समोर बसलेली जाऊ दुसरी ओळ उचलायची. ओवी ही रोजनिशी नव्हे. एकच सासुरवास दहा गावांत, दहा गळ्यांवर, थोड्या थोड्या फरकानं सापडतो. आईकडून, आजीकडून आलेली ओळ. बाई त्यात आपलं दुःख घालते, पण ते सगळ्यांचंच असतं. म्हणून तर ती मोकळेपणानं गाते.

माणदेशी : मग सगळ्यांचं म्हणून कुणाचंच नाव नको, असंही होईल. अनामिक म्हटलं की संकलकाला रान मोकळं.

भीमनगरचा वाचक : माझा मुद्दा वेगळा आहे. कोण गोळा करतो आणि कुणाच्या दारात जातो, यावर काय जतन होणार ते ठरतं. वर्षानुवर्षं लोकसाहित्य म्हणजे माहेर, भाऊराया, पंढरीचा विठोबा. 1996 साली याच राईरकर-पॉइटवां यांच्या गटानं बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरात, म्हणजे दलित वस्तीत, जाऊन बायांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा त्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या म्हटल्या. त्याच जात्यावर, त्याच चालीत. लेकीला शिकवायचं त्यात आहे, स्वाभिमान आहे. अभ्यासक त्या वस्तीत गेलेच नसते, तर 'दलित बायांच्या ओव्या फारशा नाहीत' असं कुणीतरी लिहून मोकळं झालं असतं. म्हणून मला वस्तीत जाऊन बसणारा अभ्यासक हवाच आहे. नुसतं 'आमचं आम्ही जपू' म्हणून भागत नाही. आमच्या घरातल्या शिकलेल्या पोरांनीही आजीचं एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. मीही त्यातलाच, आणि आजी गेली.

उंबरठा : हे पटलं. तरी विचारल्याशिवाय नको, एवढं माझं राहील.

माणदेशी : परवा आत्याकडं गेलो होतो. मुळशीकडच्या एका बाईचं ध्वनिमुद्रण तिला फोनवर ऐकवलं. फोन कानाशी धरून डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "गळा आमचा न्हाई. आमच्याकडं दुसरी ओळ अशी ओढत न्हाईत." चाल कशी ते दाखवायला स्वतःच म्हणू लागली. हात मांडीवर गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. चौदा ओव्या झाल्या. त्या अकरांतल्या फक्त तीन, बाकी मी कधी ऐकल्याच नव्हत्या.

'व्हतं'ला 'व्हतं'च लिहिलं. छापायला देऊ का, विचारलं. बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दे. माझं नाव घाल. सासूबाईंचं नगं घालू, ती बी बिचारी दळूनच मेली."